पॉट चुकीच्या माणसाकडे सरकवला आणि मी गप्प बसलो

प्रश्न : दादा, मी लातूर जिल्ह्यातला. वय २४. सात महिन्यांपासून पणजीच्या एका कॅसिनोत पोकरच्या टेबलावर डीलर आहे. वडील मार्केट यार्डात मापाडी आहेत. चार दिवसांपूर्वी पहाटे तीनच्या सुमाराला एका डावात शेवटी दोघेच उरले. टेबलावर इस्पिकचा राजा, बदाम नव्वी, किलवर नव्वी, चौकट चव्वी, बदाम चव्वी. एकाकडे तिर्रीची जोडी, दुसऱ्याकडे एक्का-राणी. दोघांनीही पानं उघडी ठेवली. मला जोडी दिसली. एक्का-राणी ओढून घेतली आणि ३८ हजारांचा पॉट, म्हणजे डावात जमलेला सगळा पैसा, तिर्रीवाल्याकडे सरकवला. पत्ते पिसायला घेतले आणि दुसऱ्यांदा पिसताना डोक्यात लख्ख झालं की एक्केवाला जिंकला होता. पण हात थांबले नाहीत, तोंड उघडलं नाही. तो माणूस पन्नाशीचा होता. काही बोलला नाही, थोड्या वेळानं उठून गेला. माझा जोडीदार डीलर म्हणतो, पानं राखणं खेळणाऱ्याचं काम, टेबलावरच्या बाकीच्यांनी तरी बोलायचं होतं, आणि नवा डाव सुरू झाला की विषय संपला. फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख ठेवणाऱ्या वरिष्ठाला, सांगू का? नोकरी गेली तर? माझ्या पगारातून त्या माणसाला पैसे देऊ का? बाबांना सांगू का? झोप लागत नाही.

उत्तर : लेकरा, आधी उत्तर देतो, कारणं मागून. फ्लोअरला सांग, आणि पुढच्या शिफ्टला टेबलावर उभं राहायच्या आधी सांग. खिशातून एक रुपया देऊ नकोस आणि त्या माणसाला शोधत फिरू नकोस. बाबांना सांग.

मी स्वतः आठ वर्षं पत्ते वाटले, तीन वर्षं फ्लोअरवर उभा होतो, मग परभणीला परत आलो. त्यामुळे पहाटे तीनला डोळ्यांचं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. दर अर्ध्या तासाला टेबल बदलतं, माणसं बदलतात, पण पानं तीच बावन्न. तुझं पत्र वाचताना तुझा तो पॉट सरकवणारा हात मला दिसत होता.

चूक कशी झाली ते आधी बघू, कारण ती पुन्हा होईल. आपण मराठवाड्यातली पोरं पत्ते शिकतो ते पोळ्याला आणि दिवाळीला, तीन पत्तीवर. तिथं ज्याचं त्याचं पान ज्याच्या त्याच्या हातात. हातात जोडी आली की ती एक्का-राणीपेक्षा मोठी, डोळे झाकून मोठी. दहा-बारा वर्षांचा असल्यापासून डोळ्याला हेच वळण. होल्डेममध्ये, म्हणजे तुझ्या टेबलावरच्या पोकरमध्ये, प्रत्येकाच्या हातात दोन आणि टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, अशा सात पानांतली उत्तम पाच धरायची असतात. तुझ्या डावात नव्वीची जोडी आणि चव्वीची जोडी टेबलावरच पडलेली होती, म्हणजे ती दोघांचीही. तिर्रीची जोडी त्या दोन्हींपेक्षा लहान, तिचा उपयोग शून्य. पाच पानांतली चार दोघांची सारखी झाली, राहिलं फक्त पाचवं. तिर्रीवाल्याचं पाचवं पान टेबलावरचा राजा, एक्केवाल्याचं एक्का. म्हणजे एक्का जिंकला.

म्हणून एक सवय लाव. हातातली पानं उघडली तरी नजर आधी टेबलावर. टेबलावर जोडी आहे का, दोन जोड्या आहेत का, एका रंगाची तीन पानं आहेत का, हे आधी मनात म्हणायचं आणि मग हात वाचायचे. हात आधी वाचलास तर तीन पत्ती शिकलेला डोळा तुझ्या आधी निकाल देऊन मोकळा होतो.

आता तुझ्या जोडीदाराचं म्हणणं. त्याचं मन वाईट आहे असं मी म्हणणार नाही, तो तुला धीरच देतोय. पण त्याच्या तीन वाक्यांतलं एक साफ चूक आहे, एक अर्धं खरं आहे आणि एक खरं असूनही तुझ्या उपयोगाचं नाही.

‘पानं राखणं खेळणाऱ्याचं काम.’ हे पालथ्या पानांना लागू. एखाद्यानं पानं पालथी ठेवली, वर चिप, म्हणजे पैशाची चकती, ठेवली नाही, आणि तू ती फेकलेली समजून ओढलीस, तर नुकसान त्याचं. त्यानं लावलेले पैसेही परत मिळत नाहीत. वाढवलेली बोली कुणी स्वीकारलेली नसेल तर तेवढीच रक्कम त्याला परत जाते. पण या माणसानं दोन्ही पानं उघडी ठेवली होती. उघडं पान स्वतः बोलतं, खेळणाऱ्यानं तोंडानं काय म्हटलं किंवा डीलरनं काय पुकारलं यावर ते अवलंबून नसतं. स्पर्धा चालवणाऱ्या संचालकांची टीडीए नावाची संघटना २००१ पासून आहे. तिच्या नियमावलीत स्पष्ट आहे की उघडा ठेवलेला आणि उघड उघड जिंकणारा हात डीलर बाद करू शकत नाही. ती नियमावली स्पर्धांसाठी आहे, रोख खेळात घराचे, म्हणजे त्या कॅसिनोचे, नियम चालतात. पण या एका बाबतीत वेगळं वागणारं घर मी पाहिलं नाही. त्या माणसानं त्याचं काम पूर्ण केलं होतं, पुढचं तुझं होतं.

‘बाकीच्यांनी बोलायचं होतं.’ अर्धं खरं. उघडे हात वाचताना चूक होताना दिसली तर टेबलावरच्या कुणीही बोलावं, असं नियमावलीच सांगते. डाव चालू असताना दुसऱ्याच्या हाताला सल्ला देणं वेगळं, तो गुन्हा. शेवटी पानं उघडी पडल्यावर चूक दाखवणं हे सगळ्यांच्या भल्याचं. पण कुणी बोललं नाही म्हणून तुझं काम त्यांच्या गळ्यात पडत नाही. ते पैसे देऊन खेळायला बसलेत, तू पगार घेऊन वाचायला बसलायस.

‘नवा डाव सुरू झाला की संपलं.’ हे मात्र खरं आहे. टेबलापुरतं खरं. आणि इथं मला थोडं थांबायचंय, कारण हा नियम असा का आहे हे फार कमी डीलरना कुणी समजावून सांगतं.

त्याच नियमावलीप्रमाणे पान वाचण्यातली चूक पुढचा डाव सुरू होईपर्यंतच दाखवता येते. आणि डाव सुरू होतो पहिल्यांदा पत्ते पिसले तेव्हा, किंवा पिसायच्या मशीनचं बटण दाबलं तेव्हा. पॉट मोजण्यातली किंवा देण्यातली हिशेबाची चूक मात्र त्यानंतरही सुधारता येते, पुढच्या डावात ठोस खेळी होईपर्यंत. ठोस खेळी म्हणजे पाळीनं दोन जणांच्या खेळ्या, ज्यांतल्या एकीत तरी चिप्स पडल्या असतील, किंवा कुठल्याही तीन खेळ्या. ब्लाइंड, म्हणजे डावाच्या आधी सक्तीनं लावायचे पैसे, धरायचे नाहीत. असा फरक का? तुझ्या बाबांना विचार, ते एका वाक्यात सांगतील. पोतं काट्यावर आहे तोवर वजनाचा वाद मिटतो. पोतं उतरवून थप्पीला लावलं की कुणाचं कुठलं ते ओळखू येत नाही. पत्ते पिसले की ती एक्का-राणी बावन्नांत मिसळली, आता ती होती हे सिद्ध करायला टेबलावर काही उरलं नाही. चिप्स मात्र अजून समोर रचलेल्या असतात, मोजता येतात, म्हणून त्यांना जरा जास्त वेळ मिळतो. पुरावा टेबलावर असेल तितकाच वेळ.

म्हणून पिसायला सुरुवात करणं हे डीलरच्या हातातलं सगळ्यात जड काम आहे असं मी नव्या पोरांना सांगायचो. पान वाटणं नव्हे, पॉट सरकवणं नव्हे. त्या पहिल्या पिसण्यानं तू वादाचं दार बंद करतोस. दुसऱ्यांदा पिसताना तुझ्या लक्षात आलं, म्हणजे टेबलाच्या नियमानं दार बंद झालं होतं, हे मान्य. तरीही त्या क्षणी हात वर करून ‘फ्लोअर’ म्हणायला तुला कुणी अडवलं नव्हतं. फ्लोअरनं कदाचित पॉट हलवला नसता. पण दोघंही खेळाडू समोर बसलेले होते, तिर्रीवाल्याच्या चिप्स अजून रचायच्या होत्या, आणि त्या पन्नाशीच्या माणसाला कळलं असतं की तो हरलेला नाही. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात जास्त लागलं ते हे. पैशाच्या जोडीला तो एक खोटा निकाल घेऊन घरी गेला. आपल्यालाच खेळ समजत नाही असं वाटून गेला असेल.

आणि त्या माणसाकडे दुसरा मार्ग नाही, हेही लक्षात घे. पैजेचा करार कोर्टात चालत नाही, १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० तसं सांगतं. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, यावर उच्च न्यायालयांचीही मतं जुळलेली नाहीत. आपल्या महाराष्ट्रात तर कॅसिनोच नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कागदावर राहिला, कधी लागू झाला नाही, आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. म्हणून आपल्याकडची माणसं रात्रभर प्रवास करून मांडवीच्या काठाला येतात. गोव्यात तिथल्या १९७६ च्या जुगार कायद्यात पुढं दुरुस्त्या झाल्या, आधी पंचतारांकित हॉटेलांत मशीन आल्या, मग नदीतल्या बोटींवर टेबलं आली. तिथं बसलेल्या माणसाला निकाल देणारे दोघंच, डीलर आणि त्याच्या मागचा फ्लोअर. (काही वाचक मला लिहितात की या सदरात असल्या नोकरीची पत्रं घेऊ नका. आपल्या गावची लेकरं तिथं परवान्याच्या जागी आठ-दहा तास उभं राहून कष्टाची कमाई घरी पाठवतात. त्यांची पत्रं मी घेणार.)

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुला वाटत असेल की हा माणूस वरून बोलतोय. नोकरीचं तिसरं वर्ष. तिघं जण सगळं लावून बसले होते, एकाकडे ५ हजार, बाकी दोघांकडे १२-१२ हजार. म्हणजे मुख्य पॉट तिघांचा १५ हजारांचा, आणि उरलेल्या दोघांचा साइड पॉट १४ हजारांचा. पानं उघडली, ५ हजारवाल्याचा हात सगळ्यांत मोठा. मी खुशीत येऊन अख्खे २९ हजार त्याच्याकडे सरकवले. त्याचा हक्क १५ वर होता. पुढचे पत्ते वाटले, ब्लाइंड पडले, एकानं पानं टाकली, आणि माझी नजर सहाव्या सीटवरच्या माणसाच्या रिकाम्या जागेवर गेली. तिथं १४ हजार असायला हवे होते. कान तापले. वाटलं, गप्प बस, कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तेवढ्यात पुढचा खेळाडू पानं टाकायला हात उचलत होता, आणखी दोघांची खेळी झाली असती की वेळ संपला असता. मी म्हणालो, ‘थांबा, पॉट देण्यात माझी चूक झाली, फ्लोअर.’ आवाज फाटला होता. फ्लोअर आला, मोजणी झाली, कॅमेरा बघून खात्री केली, १४ हजार जिकडचे तिकडे गेले. ५ हजारवाला मला दोन-चार शब्द बोलला, ते मी ऐकून घेतले. त्या रात्री मी झोपलो.

तेव्हापासून एकापेक्षा जास्त पॉट असले की मी नेहमी बाहेरचा आधी द्यायचो, म्हणजे सगळ्यांत शेवटी तयार झालेला साइड पॉट आधी, मुख्य पॉट शेवटी. मुख्य आधी दिला की हाताला वाटतं काम झालं. प्रत्येक पॉट वेगळा मोजायचा, वेगळा वाटायचा, दोन पॉट एकत्र करून अर्धे करायचे नाहीत. बरोबरी झाली आणि एक चिप जास्त उरली तर ती बटणाच्या, म्हणजे वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीच्या, डावीकडच्या पहिल्याला. हे तुला शिकवलेलंच असेल.

तुला मी पानं गोळा करायचा क्रम पुन्हा शिकायला लावीन. पानं उघडी पडली की आधी हात मोठ्यानं वाच, फक्त ‘टू पेअर’ म्हणून थांबू नकोस. ‘नाइन्स अँड फोर्स, किकर एस’ असं पाचवं पानसुद्धा तोंडानं म्हण. त्या रात्री तू किकर म्हणायला गेला असतास तर राजा म्हणताना समोरचा एक्का दिसला असता. चूक तिथंच पकडली गेली असती. मग टेबलावरची जी पानं जिंकणाऱ्या हातात लागतात ती बोटानं जरा पुढं सरकव, म्हणजे सगळ्या टेबलाला तुझा निकाल दिसतो. हरलेला हात ओढायच्या आधी एक श्वास घे. ओढलास तर मेलेल्या पानांच्या ढिगात खुपसू नकोस, वर वेगळा राहील असा ठेव. अशी ओळखू येणारी पानं फ्लोअर परत काढू शकतो. जिंकलेला हात आणि मधली पाच पानं मात्र पॉट सरकवून झाल्याशिवाय हलवायची नाहीत. पॉट गेला, चिप्स त्या माणसाच्या हाताला लागल्या, कुणी काही म्हणत नाही, मगच ती पानं उचल आणि मगच पिसायला घे. याला चार-पाच सेकंद जास्त लागतात. तासाला किती डाव निघाले हे बघणारे वरिष्ठ असतात, ते घाई करतील. तरी ते सेकंद सोडू नकोस.

आता फ्लोअरला काय सांगायचं. टेबल नंबर, तारीख, वेळ, कुठल्या दोन सीट, टेबलावरची पाच पानं, दोघांचे हात, रक्कम. चार दिवस झालेत, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुणी कायमचं ठेवत नाही, म्हणून उद्यावर टाकू नकोस. ‘त्यानं बोलायचं होतं’, ‘मी दमलो होतो’ असली वाक्यं घेऊन जाऊ नकोस. दमणं खरं आहे, ते नंतर सांग. पान वाचण्यात चूक झाली आणि लक्षात आल्यावर मी बोललो नाही, ही दोन वाक्यं आधी आणि याच क्रमानं. दुसरं वाक्य गिळायचा मोह होईल. ते गिळलंस आणि कॅमेऱ्यात तुझा पिसताना अडखळलेला हात दिसला, तर पहिल्या वाक्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्या माणसाला घरानं काही द्यायचं की नाही, हे घर ठरवेल. तिर्रीवाल्याकडून आता परत मागता येणार नाही, तोही चोर नाही, तू सरकवले ते त्यानं घेतले. पण घराकडे पाहुण्याची नोंद असते, ते त्याला फोन करून चूक कबूल करू शकतात, हवं तर भरपाई देऊ शकतात. हे तू परस्पर करायला गेलास तर काय दिसेल याचा विचार कर. डीलर बाहेर खेळाडूला गाठून पैसे देतो. बघणाऱ्याला ते प्रायश्चित्त दिसत नाही, साटंलोटं दिसतं. मी फ्लोअरवर असताना माझ्यासमोर असं आलं असतं तर मीही आधी तोच संशय घेतला असता. त्यातून वर पगाराला कात्री, घरी पैसे कमी. नको.

नोकरीचं मी वचन देऊ शकत नाही. फ्लोअरवर तीन वर्षांत माझ्याकडे स्वतःहून आलेल्या एकाही डीलरला मी काढलं नाही. टेबलावरून काढून आठवडाभर सरावाला बसवलं, वाचून घेतलं, परत उभं केलं. ज्यांचं कॅमेऱ्यात सापडलं आणि विचारल्यावर ‘आठवत नाही’ म्हणाले, त्यांना पुन्हा मोठ्या टेबलावर मी ठेवू शकलो नाही. तुझे वरिष्ठ माझ्यासारखेच असतील असं नाही. समजा काढलंच, तर हे काम येणारा माणूस चार-सहा महिन्यांत कुठंतरी लागतो. तोंडी लेखी जो काही इशारा मिळेल तो घे, त्यावर सही करायच्या आधी नीट वाच.

राहिले बाबा. तुला वाटतंय, ते म्हणतील जुगाराच्या जागी गेलास म्हणून हे झालं. म्हणतीलही. पण मापाडी माणसाचं उभं आयुष्य दुसऱ्याच्या मालाचं वजन करण्यात जातं. शेतकरी एका बाजूला, खरेदीदार दुसऱ्या बाजूला, माल आपला नाही, पैसा आपला नाही, आपल्याकडं फक्त काटा. सोयाबीनच्या हंगामात दिवसाला शेकड्यानं कट्टे त्यांच्या समोरून गेले असतील. एखाद्या तरी कट्ट्याचा आकडा त्यांच्याकडून चुकीचा लिहिला गेला असेल, आणि त्यांनी काटापट्टी फाडून नवी केली असेल, किंवा केली नसेल. त्यांना विचार. माझा अंदाज आहे की तुझ्या घरात हे दुःख समजणारं माणूस तेच आहेत.

फोन फ्लोअरला सांगून झाल्यावर कर. आधी केलास तर ते म्हणतील जा आणि सांग, मग तू त्यांच्या सांगण्यावरून गेलास असं होईल. तू आपणहून जा. काय झालं ते मला कळव, पाकिटावर ‘डीलर, लातूर’ एवढंच लिही, मी ओळखीन.